दोन चाकं, एक खांब

विजेतले हार्मोनिक्स मापाच्या पेटीवर लाल रेषेखाली उतरले तर भाऊजींना काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ.

पहिली मिळकत, खुर्ची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोच्या भावांच्या कारखान्यात त्यांना कुणी "बसा" म्हटलेलं नव्हतं. थोरला मेहुणा "आले आमचे वायरमन" म्हणायचा, आणि वायरमनची कामं उभ्यानंच होतात. दुसरी मिळकत, बायकोचं माहेर. आईवडील गेल्यापासून तिला माहेर म्हणून जायला तो कारखानाच काय तो उरला होता. त्याला टाळं लागलं तर माहेरालाही लागणार. तिसरी मिळकत, स्वतःचं नाव. कारखान्यातले दोन्ही रेक्टिफायर भाऊजींच्या हातचे होते आणि तक्रार त्या रेक्टिफायरांचीच होती.

आणि नाहीच उतरले, तर वीज-कचेरीचे साहेब खांबावरचे फ्यूज काढून पिशवीत घालून नेणार होते. जमाखर्च एवढा सरळ. तरी साहेब माप घेणार त्या परीक्षेच्या दिवशी भाऊजी निर्धास्त नव्हते, कारण या हिशेबातलं एक कलम त्यांनी कुणालाच दाखवलं नव्हतं.

(दोघा मेहुण्यांचे ते भाऊजी, म्हणून आपणही भाऊजीच म्हणू. त्यांचं नाव मेहुण्यांनाही पटकन आठवलं नसतं.)

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. वडिलांच्या काळात सलग होती, आता मधोमध पत्र्याची भिंत. डावीकडे थोरला नळाच्या तोट्यांवर निकेलचा मुलामा चढवतो, उजवीकडे धाकटा बोल्टांवर जस्ताचा. दोघांचं बिनसलं कशावरून, तर जागेवरून नाही आणि यंत्रांवरूनही नाही. वाटणीच्या बोलण्यात थोरला सहज म्हणून गेला, "जस्त म्हणजे काय, गरिबाचं निकेल." धाकट्यानं ते वाक्य गिळलं नाही आणि थुंकलंही नाही, गालात धरून ठेवलं. तोंडात वाक्य असल्यावर माणूस बोलणार कसा? तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

वाटणी मात्र अशी काटेकोर झाली की पंचांनी तोंडात बोटं घालावीत. वडिलांच्या काळची एक पितळी घंटा होती. टाक्यांमध्ये वीज सोडण्याआधी ती वाजायची, म्हणजे सगळ्यांनी हात बाहेर काढायचे आणि मगच वीज कमीजास्त करणारं चाक फिरवायचं. ती घंटा थोरल्याकडे गेली आणि तिच्यातला लोलक धाकट्याकडे. तेव्हापासून घंटा खुंटीला मुकी लटकलेली, आणि लोलक धाकट्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.

रेक्टिफायरचंही तसंच. जुना एकच होता, तो मोडीत काढून दोन नवे करायचे ठरले. थोरला भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाला, "त्याचा जसा कराल तसाच माझा. तसूभर कमी नको." थोड्या वेळानं धाकट्यानं दुसऱ्या बाजूला घेतलं. "दादाचा जसा कराल तसाच माझा. तसूभर कमी नको." भाऊजींनी दोन्हीकडे मान डोलावली आणि एकाच साच्यातून काढल्यासारखे जुळे रेक्टिफायर बांधून दिले.

इथेच माशी शिंकली. मुलाम्याच्या टाकीला लागते एकाच दिशेनं वाहणारी वीज आणि खांबावरून येते ती पुढेमागे हेलकावणारी. रेक्टिफायर पहिलीची दुसरी करतो. पण तो सभ्य माणसासारखा एका लयीत पीत नाही. घोट घेतो, थांबतो, पुन्हा घोट घेतो. दर घोटाला खांबावरच्या लाटेला पोचा पडतो, आणि त्या पोच्यांचा हिशेब म्हणजे हार्मोनिक्स. या नव्या बांधणीचा एकच रेक्टिफायरही खांबाला जड गेला असता. त्यात हे जुळे एकाच क्षणी घोट घ्यायचे आणि एकाच क्षणी थांबायचे. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या भावांची यंत्रं अशी एका सुरात, की पोचा दुप्पट खोल.

त्याचा त्रास झाला शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना. दिवे लुकलुकायचे आणि दात कोरायचं यंत्र मध्येच अडखळायचं. एकदा खुर्चीत नेमका थोरला होता, दाढ अर्धी कोरलेली.

"तुमचाच कारखाना चालू आहे आणि तुमच्याच दाढेत माझं यंत्र गचके खातंय," बाई म्हणाल्या. "आता मी तक्रार कुणाची करू, सांगा."

थोरला आ वासून पडलेला. सांगणार काय? बाईंनी ते मौन संमती धरलं आणि वीज-कचेरीत अर्ज टाकला. दाढही तशीच राहिली. "तुमची वीज सुधारा, मग दाढ पुरी करू," म्हणून तात्पुरतं भरून दिलं.

कचेरीचं उत्तर छोटं होतं. अमुक दिवशी साहेब माप घेतील; हार्मोनिक्स मर्यादेत नसतील तर दोन्ही जोडण्या बंद.

यावर सरळ उपाय होता, फिल्टर. वेटोळी आणि कपॅसिटरचे मोठे संच मागवायचे, ते पोचे भरून काढतात. पण ते परीक्षेच्या आत येणार नव्हते. दुसरा उपाय भाऊजींना एका दुपारी धाकट्याच्या रेक्टिफायरमधल्या ट्रान्सफॉर्मरचं झाकण उघडून बसले असताना सुचला. दोन्हींची वेटोळी स्टार पद्धतीनं, म्हणजे चांदणीसारखी जोडलेली. त्यातल्या एकाची डेल्टानं, म्हणजे त्रिकोणात जोडली, तर त्याचे घोट किंचित सरकतात आणि दुसऱ्याच्या उसंतीत पडतात. एकानं पाडलेला खळगा दुसरा बुजवतो. नवीन काही आणायला नको, फक्त तारांची टोकं बदलायची.

अट एकच. दोघांनी एकाच वेळी चालायचं आणि सारखीच वीज खेचायची. एक थांबला की दुसऱ्याचे पोचे उघडे पडले.

हेच ते न दाखवलेलं कलम. थोरल्याला "तुमची जोडणी धाकट्याच्या चाकावर टिकून आहे" म्हटलं असतं, तर त्यानं त्याच पावली रेक्टिफायर बंद करून ठेवला असता. धाकट्यानं तर फ्यूज स्वतःच काढून साहेबांच्या घरी पोचवले असते. म्हणून भाऊजींनी टोकं बदलली, दोन्ही रेक्टिफायरच्या चाकांवर लाल रंगाची खूण केली आणि दोघांनाही वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, "परीक्षेच्या दिवशी तासभर काम चालू ठेवायचं. चाक या खुणेवर. हात लावायचा नाही."

बायकोलाही सांगितलं नाही. कारण ती दोन्ही बाजूंचं टपाल होती. थोरल्याचा निरोप धाकट्याला आणि धाकट्याचा थोरल्याला तिच्याच स्वयंपाकघरातून जायचा. दोघेही भाऊ तिच्या ओट्याशी उभे राहून एकमेकांविषयी बोलायचे, चहा प्यायचे आणि निरोप ठेवून जायचे. अशा ठिकाणी गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवणं, असं भाऊजींचं गणित. गणित चुकलं ते तिथेच, पण ते पुढे.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले ते एक पेटी घेऊन. गल्लीत खांबाखाली पेटी मांडली आणि तारा लावल्या. पेटीला छोटा पडदा, पडद्यावर हार्मोनिक्सचे उभे खांब आणि मर्यादेची आडवी लाल रेष. साहेब दिसताच थोरल्यानं आतून खुर्ची पाठवली, लगेच धाकट्यानं त्यांच्या डोक्यावर छत्री बांधून घेतली. भाऊजी बाजूला उभेच.

"हे तुम्ही बांधलेत?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग उभे का? गुन्हेगारासारखे?"

"सवय आहे," भाऊजी म्हणाले.

दोन्हीकडे काम चालू झालं. पडद्यावरचे खांब वर आले, थरथरले आणि लाल रेषेच्या बरेच खाली येऊन बसले. साहेबांनी भुवई उंचावली. भाऊजींनी श्वास सोडला, पण सगळा नाही. थोडा राखून ठेवला.

दोघा भावांची बहीण, म्हणजे भाऊजींची बायको, डबा घेऊन आली होती. आधी धाकट्याकडे डोकावली.

"काय रे, ठीक चाललंय ना?"

"चाललंय, ताई. भाऊजींनी पाचावर खूण करून दिलीय, पाचावर ठेवलंय."

तिथून ती थोरल्याकडे गेली. त्याच्या चाकाची खूण होती आठावर. दोघांनाही ठाऊक नव्हतं ते असं, की डेल्टानं जोडल्यावर तेवढ्याच चाकाला जास्त जोर येतो. म्हणून धाकट्याचे पाच तेच थोरल्याचे आठ.

"चिमणे, तिकडे काय म्हणतोय तो?" थोरल्यानं विचारलं. धाकट्याचं नाव तो घेत नसे, पण चौकशी चुकवत नसे.

"काही नाही. पाचावर चालवतोय म्हणाला."

"पाचावर?" थोरल्याचा हात थबकला. "आणि मी आठावर?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"मला कळतंय ना! विजेतली घाण कमी दिसावी म्हणून भाऊजींनी त्याला कमी चालवायला लावलंय. म्हणजे तो पोट मारून बसलाय आणि मी खुशाल आठावर." त्यानं दाढेवरून जीभ फिरवली. "उद्या गावभर सांगत फिरेल, दादाची वीज मी वाचवली. छे! त्याच्या उपकारात राहायला मी काय रस्त्यावर पडलोय?"

आता हे उपकाराचं ओझं होतं, की धाकटा पोट मारतोय हे ऐकून आत काही हललं होतं, हे थोरल्याला विचारून उपयोग नाही. चाक त्यानं पाचावर आणलं, एवढं खरं.

गल्लीत पडद्यावरचा एक खांब उठला आणि लाल रेषेला टेकला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

भाऊजी पडद्यावर वाकले. "स्थिरावेल," ते म्हणाले. खांब स्थिरावला, पण रेषेच्या वर. भाऊजी धावत थोरल्याच्या दारात गेले. चाक पाचावर, आणि थोरला हाताची घडी घालून उभा.

"अहो, खुणेवर आणा! आधी खुणेवर आणा!"

"का? कमी चालवलं तर घाण कमीच ना? लहान पोराला कळेल."

काय सांगायचं? खरं सांगितलं तर धाकट्याचं नाव येणार. "तांत्रिक आहे," भाऊजी म्हणाले. ज्याला खरं सांगायचं नसतं त्याला हा शब्द फार उपयोगी पडतो. "तुम्ही फक्त आठावर आणा, माझ्यासाठी."

थोरल्यानं कुरकुरत चाक फिरवलं. भाऊजी परत पडद्यापाशी आले. खांब खाली यायचा सोडून दुप्पट चढला होता.

झालं होतं ते असं. तेवढ्यात बहीण काळजीनं धाकट्याकडे गेली होती. "तुझे आकडे ऐकून दादानं चाक कमी केलं रे. आणि हे तिकडे का ओरडतायत, कळत नाही." धाकट्यानं ऐकलं ते एवढंच, की दादानं कमी केलं. त्यानं गालात धरलेलं वाक्य जिभेवर आणलं.

"म्हणजे निकेलवाला गरिबावर दया करतोय! त्याला म्हणावं, जस्तवाल्यालाही दानत आहे. तो कमी करतो काय? मी बंदच करतो." आणि त्यानं चाक शून्यावर आणून ठेवलं.

एक आठावर, दुसरा शून्यावर. इतक्या वर्षांत दोघा भावांनी पहिल्यांदाच एकमेकांसाठी काहीतरी सोडलं होतं, आणि त्यापायी दोघांचीही जोडणी जायला निघाली होती.

पलीकडच्या खिडकीतून डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. "पुन्हा गचके सुरू झाले हं!"

साहेबांनी पेटीशेजारची पिशवी उघडली. आत रबरी हातमोजे होते, फ्यूज काढताना घालायचे. त्यांनी ते घातले नाहीत, नुसते मांडीवर ठेवले. पण भाऊजींना तेवढं पुरलं. ते गल्लीच्या मधोमध गेले, दोन्ही दारांच्या समोर, आणि जन्मात कधी काढला नव्हता असा आवाज त्यांनी काढला.

"दोघेही बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

दोघे आले. एक डाव्या दारात, एक उजव्या दारात. बहीण मध्ये, रिकामा डबा छातीशी धरून.

"मी खोटं बोललो," भाऊजी म्हणाले. "म्हणजे बोललो नाही, लपवलं. धाकट्याच्या तारा मी बदलल्यात. आता तुमच्या दोघांचे पोचे एकमेकांना बुजवतात, पण दोघेही चालू असाल आणि सारखे चालू असाल तरच. एकानं कमी केलं की दुसरा उघडा पडतो. एकानं बंद केलं की दुसरा बुडाला. तुमचे आठ आणि याचे पाच, विजेच्या हिशेबात एकच. कुणी कुणावर उपकार करत नाहीये. कुणाला करताही येणार नाहीत."

आत थोरल्याचा रेक्टिफायर एकटाच गुणगुणत होता.

धाकटा आधी बोलला. भाऊजींकडे बघतच बोलला, पण शब्द डावीकडे गेले. "पाच म्हणजे किती अँपिअर, ते विचारा त्यांना."

थोरला आत जाऊन अँपिअरचा काटा बघून आला. "आठाला काट्यावर जेवढे दिसतात तेवढेच तुझ्या काट्यावर दिसले पाहिजेत. चाक बघू नकोस. काटा बघ. वडील काय सांगायचे? चाक खोटं बोलतं, काटा नाही."

"मला शिकवू नका. मीही त्यांचाच आहे."

"मग चालू कर की, वेंधळ्या! साहेब हातमोजे बाहेर काढून बसलेत!"

"तुम्ही आधी खाली आणा. शून्यापासून दोघं बरोबर चढवू. नाहीतर मधल्या वेळात पुन्हा चढेल ते." धाकट्यानं इकडेतिकडे पाहिलं. "पण बरोबर म्हणजे कसं? भिंतीतून दिसतंय थोडंच?"

थोरल्याची नजर आत खुंटीवरच्या घंटेकडे गेली. धाकटा आत गेला, टेबलावरचे कागद उडू देऊन लोलक उचलला आणि पत्र्याच्या भिंतीवरून पलीकडे धरला.

"घ्या. पण मालकी माझी."

"ठेव तुझी मालकी," थोरला म्हणाला, पण चाक शून्यावर आणून हात वर करून तो घेतला.

घंटा वाजली. किती काळानं वाजली, हे तिच्या घोगऱ्या आवाजावरूनच कळत होतं. दोघांनी टाक्यांतून माणसांना हात बाहेर काढायला लावले आणि आपापलं चाक हळूहळू चढवलं. "दोन!" "दोन!" "थांब, माझा काटा मागे आहे." "आलास का?" "आलो." पत्र्याच्या आरपार आकडे जात-येत होते. पडद्यावरचा खांब डुलत खाली आला, रेषेखाली गेला आणि तिथेच राहिला. भाऊजी त्याच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते की विनवत होते, देव जाणे.

साहेबांनी हातमोजे पिशवीत टाकले, पण चेहरा सैल सोडला नाही.

"उतरलं ते मी लिहीन," ते म्हणाले. "पण चढलं तेही लिहावं लागेल, पेटीनं ते पाहिलंय. जोडणी ठेवतो, एका अटीवर. आजपासून तुम्ही दोन नाही, एकच ग्राहक. एकच मीटर. दोन्ही रेक्टिफायर बरोबर सुरू आणि बरोबर बंद. एकटा चाललेला सापडला तर दोघांचीही वीज जाईल. आणि रोज चालू-बंद करताना कुणीतरी जबाबदार माणूस समोर पाहिजे. कोण राहणार?"

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं थोरल्याकडे. मग दोघांनी मिळून भाऊजींकडे. एकमतानं केलेली त्यांची ती पहिलीच गोष्ट.

"ज्यानं लपवलं त्यानंच राखावं," थोरला म्हणाला.

"बरोबर आहे दादाचं," धाकटा म्हणाला.

आता फक्त बेरीज उरली. डॉक्टरीणबाईंना सरळ वीज मिळाली आणि थोरल्याची दाढ. ती त्यांनी पुरी करून दिली. कोरताना यंत्र एकदाही अडखळलं नाही, म्हणून दुखलं मात्र सलग. थोरल्यानं मन मानेल तेव्हा कारखाना बंद ठेवायची मुभा गमावली, धाकट्यानं मन मानेल तेव्हा चालू ठेवायची. धाकट्याला सुट्टी हवी असली की थोरल्याला विचारावं लागतं आणि थोरल्याचं डोकं दुखलं की धाकट्याला. लोलक घंटेत आहे, मालकी अजून धाकट्याचीच आहे, आणि त्यावरून रोज सकाळी एक वाद होतो, म्हणजे बोलणं होतं. भाऊजींना खुर्ची मिळाली. दोन दारांच्या मधोमध, भिंतीच्या टोकाशी, रोज उघडताना आणि बंद करताना बसायचंच अशी. आपला धंदा ते उरलेल्या वेळात करतात. "वायरमन आले का?" ही हाक आता दोन्ही दारांतून येते.

खरा खर्च पडला तो बहिणीच्या नावावर. भावांना निरोप ठेवायला तिच्या ओट्याशी यायची गरज उरली नाही. चहाचे दोन कप वरच्या फळीवर गेले. माहेर वाचलं, पण माहेराला तिची आठवण यायला काही कारण उरलं नाही. काही दिवस वाट पाहून तिनंच थोरल्याला फोन केला.

"दादा, सगळं ठीक ना रे?"

"हो की, चिमणे. झकास चाललंय. बरं, ठेवतो हं, धाकटा थांबलाय."